सगळा खेळ गुडघ्यांचा

"ताई, मोगल बघायला येतेस का?" असं मावसभावाने विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी संताजी-धनाजीच आले. त्याने हसून खुलासा केला. हे मोगल म्हणजे बर्फाची टेंगळं, आणि त्यांच्यावरून स्कीवर (पायात बांधायच्या लांब पट्ट्यांवर) वळत, मध्येच उड्या मारत खाली यायची स्पर्धा म्हणजे मोगल्स. ऑस्ट्रियाकडच्या जर्मन बोलीत छोट्या टेकाडाला असाच काहीसा शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रीस्टाइल स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमेरिकेतल्या युटात होती आणि मी नेमकी त्याच्याकडे सॉल्ट लेक सिटीला पाहुणी होते. पुरुषांची मोगल्सची अंतिम फेरी पार्क सिटी गावाजवळच्या डिअर व्हॅलीला, रात्री, दिव्यांच्या उजेडात होणार होती. मी जन्मात कधी पायात स्की चढवलेली नाही. तरी निघाले.

सॉल्ट लेकहून पार्क सिटी पन्नासेक किलोमीटर. रस्ता दरीतून चढत जातो आणि तासाभराच्या आत तुम्ही दोन हजार मीटरांच्या वर पोहोचलेले असता. कधीकाळी हे चांदीच्या खाणींचं गाव होतं, आता बर्फावर पोट भरतं. गावातल्या बसला तिकीट नाही, हे मला फार आवडलं. डिअर व्हॅली गावाला लागूनच आहे आणि तिथे स्नोबोर्डवाल्यांना, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवून घसरणाऱ्यांना, मज्जाव आहे, फक्त स्की. हा हट्ट कशासाठी ते भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "अगं, शिष्टपणा. दुसरं काय!"

खाली उतरून डोंगराकडे मान वर केली आणि पहिला धक्का बसला. टीव्हीवर हा उतार सपाट दिसतो. कॅमेरा फसवतो म्हणा ना. प्रत्यक्षात ती जवळजवळ भिंतच वाटते. या प्रकारात उतार साधारण २८ अंशांचा असतो. म्हणजे दोन पावलं पुढे गेलात की एक पाऊल खाली. लांबी जेमतेम दोन-अडीचशे मीटर. त्यावर साधारण साडेतीन-साडेतीन मीटरांवर एकेक टेंगूळ आणि मध्ये दोन ठिकाणी उडीसाठी रचलेले उंचवटे. या धावपट्टीचं नाव 'चॅम्पियन'. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधली मोगल्स इथेच झाली होती.

आम्ही कुंपणाला चिकटून जागा धरली. शेजारी स्वयंसेवकाचं जाकीट घातलेले एक आजोबा उभे होते. कुठून आलात, पहिल्यांदाच बघताय का, अशी चौकशी झाली. मी म्हटलं, कोलांट्या बघायला आलेय. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. इथे बघा, म्हणाले.

मग त्यांनी गणित समजावलं. एकूण शंभर गुण. त्यातले साठ वळणांना, वीस उड्यांना, वीस वेळेला. वळणांसाठी पाच पंच आणि त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा बाद. उड्यांसाठी दोन पंच. वेळ घड्याळ सांगतं. म्हणजे ज्या कोलांट्यांसाठी मी थंडीत कुडकुडत उभी होते, त्यांना सगळ्या मिळून पाचवा हिस्सा! २००२ साली याच उतारावर अमेरिकेच्या जॉनी मोस्लीने जवळजवळ आडवं होऊन दोन गिरक्या घेणारी नवी उडी मारली होती. लोक वेडे झाले होते. तो आदल्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, तरी इथे चौथा आला. वळणांचं पारडं तेव्हाही जडच होतं. आजोबांना ते अजून सलत होतं असं वाटलं.

खेळाडूंच्या विजारीला गुडघ्यांवर वेगळ्या, भडक रंगाचे चौकोन होते. मला आधी ती फॅशन वाटली. ते पंचांसाठी असतं. दोन्ही गुडघे जुळलेले आहेत की फाकतायत, टेंगळाचा धक्का ते गिळतात की वर कमरेपर्यंत जाऊ देतात, हे लांबून दिसावं म्हणून.

पहिला खेळाडू सुटला आणि मी सवयीने चेहरा शोधत राहिले. काही कळलंच नाही. पंचवीसेक सेकंदांत खेळ खलास! तिसऱ्या-चौथ्यापासून आजोबांचं ऐकलं, नजर त्या रंगीत चौकोनांवर ठेवली, आणि मग सगळं उलगडायला लागलं. गुडघे शिवणयंत्राच्या सुईसारखे खालीवर, खालीवर. डोकं मात्र एका रेषेत, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. ज्याचं डोकं हिंदकळलं त्याचे गुण गेले, हे पाटी लागायच्या आधीच मला कळायला लागलं. थोडी फुशारकी आहे, पण दोनदा माझा अंदाज बरोबर आला.

आवाजाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. टीव्हीवर समालोचक बोलत असतात. इथे कडक बर्फावर स्कीच्या कडा खरवडल्याचा करकरीत आवाज येतो, मग उडीच्या वेळी एकदम शांतता, आणि धप्प. मधल्या वेळात काही जण फावडी घेऊन उतरण्याच्या जागेचा बर्फ पुन्हा भुसभुशीत करत होते. नाहीतर ती धप्प थेट पाठीच्या कण्यात जाईल.

आणखी एक गंमत. साध्या उतारांवर ही टेंगळं आपोआप तयार होतात आणि मोसमभर हळूहळू वर चढत राहतात. माणसं खाली जातात, टेंगळं वर. स्की करणारा टेंगळाच्या खालच्या अंगाचा बर्फ खरवडतो, तो पुढच्या टेंगळाच्या वरच्या अंगाला साठतो. आजोबांनी सांगितलं तेव्हा मला थापच वाटली, पण घरी जाऊन वाचलं तर खरं निघालं.

२०१७ ला स्पेनच्या सिएरा नेवाडात याच स्पर्धेत मोगल्सची दोन्ही सुवर्णं (एकेकट्याचं आणि दोघा-दोघांच्या लढतींचं) नेणाऱ्या जपानच्या इकुमा होरिशिमाकडे बऱ्याच जणांचं लक्ष होतं. पण रात्र कॅनडातल्या क्वेबेकच्या मिकाएल किंग्जबरीची होती. आदल्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता, २०१२ पासून दर मोसमाचा जागतिक करंडक त्याच्याकडे. शेवटच्या फेरीत सहाच जण उरले, तेव्हा मी फोन काढला. थंडीने बॅटरी मेली होती. बरंच झालं. त्याचे गुडघे तरी नीट पाहिले. उतार त्याच्या पायांखालून कुणी ओढून घेतंय आणि तो जागच्या जागी आहे, असं वाटत होतं. सुवर्ण त्यालाच मिळालं. दुसऱ्या रात्री दोघा-दोघांच्या लढतींतही त्यानेच ते नेलं.

गर्दी पांगली तेव्हा पायाखालची वाट काचेसारखी झाली होती. मी मान ताठ ठेवली, गुडघे जुळवले, वाकवले आणि चौथ्या पावलाला सरळ बर्फावर बसले.

भावाने हात द्यायच्या आधी थोडा विचार केला. "वळणांचा भोपळा, ताई. उडीचे दोन देतो."