राम जेठमलानी: उलटतपासणीतून लोकसभेत

सतराव्या वर्षी कायद्याची पदवी घेतलेले राम जेठमलानी १९४८ मध्ये निर्वासित म्हणून मुंबईत आले. १९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्याच्या खटल्यात, ते आहुजाच्या बहिणीच्या वतीने हजर होते. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा नानावटींचा बचाव. पण झटापटीत सुटायला हवा होता, तो आहुजाच्या कमरेचा टॉवेल सुटलाच नव्हता! ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, तरी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली.

फौजदारी वकिलाचं खरं कसब उलटतपासणीत. साक्षीदार पोलिसांपुढच्या जबाबाविरुद्ध बोलला, तर जबाबातला नेमका तेवढाच भाग आधी त्याच्यापुढे ठेवायचा. त्याने नाकारला की तो तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत शाबीत करायचा. ही दुसरी पायरी राहिली की हाती आलेली विसंगती वाया जाते. नवखे वकील हमखास इथेच अडकतात.

आणीबाणीत जेठमलानी बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेचे अध्यक्ष होते. केरळातल्या भाषणावरून त्यांच्यावर अटक वॉरंट निघालं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात शेकडो वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. वकिलीच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस. १९७७ मध्ये वायव्य मुंबईत त्यांनी तत्कालीन कायदामंत्री ह. रा. गोखले यांना हरवलं. १९८० मध्ये पुन्हा निवडून आले, पुढच्या निवडणुकीत मात्र सुनील दत्त यांनी त्यांना पाडलं. नंतर वाजपेयी सरकारात ते स्वतः कायदामंत्री झाले.