नवी दुर्बीण आली की पहिली जोडणी उजेडातच करा

दुर्बीण घरी आली की पहिला मोह होतो तो त्याच रात्री खोकं फोडून गच्चीवर पळायचा, आणि मला अगदी मनापासून सांगायचंय की तेवढं करू नका. ज्या घरात दुर्बीण माळ्यावर जाऊन पडलेली असते तिथं बहुतेक वेळा दुर्बीण खराब नसते, पहिली रात्र खराब गेलेली असते. अंधारात नट कुठला कुठं बसतो ते कळत नाही, फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं साधन, एकीकडे बघतोय नळी दुसरीकडे, चंद्र समोर दिसतोय पण आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, काही येत नाही, पोरं कंटाळून खाली जातात आणि मग पुढच्या रविवारी बघू म्हणून जे राहतं ते राहतंच. मी हे ओळखीतल्या घरांत बघितलंय. म्हणून आमची दुर्बीण आली तेव्हा मी आधीच ठरवलं होतं की पहिलं काम उजेडात, आणि पहिल्या रात्री फक्त चंद्र, बाकी काही मिळालं तर बोनस.

आमच्याकडे आलीय ती १३० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन, म्हणजे न्यूटनने १६६८ मध्ये केली त्याच पद्धतीची, खाली मोठा आरसा, वर छोटा तिरका आरसा आणि बाजूने डोळा लावायचा. फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर, ६५० मिमी. सोबत दोन आयपीस, २५ मिमी आणि १० मिमी. कितीपट मोठं दिसणार याचं गणित सोपं आहे, नळीची फोकल लेंथ भागिले आयपीसची, म्हणजे आमच्याकडे २६ पट आणि ६५ पट. हे आकडे ऐकून लोकांचा चेहरा पडतो कारण स्वस्तातल्या दुर्बिणींच्या खोक्यावर ५२५ पट वगैरे छापलेलं असतं, पण ६० मिमीच्या भिंगातनं १२० पटीच्या वर गेलं की दिसतं ते नुसतं मोठं आणि पुसट, आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या त्याची दुप्पट हीच साधारण मर्यादा. खरा आकडा व्यासाचाच. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडून उघडून ७ मिमी होते, १३० मिमीचा आरसा त्याच्या तीनशेपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो, आणि मला विचाराल तर दुर्बिणीचं सगळं मोल तिथं आहे, पटीत नाही.

जोडणी हॉलमध्येच केली, फरशीवर जुनी चादर टाकून, म्हणजे एखादा स्क्रू पडला तरी सापडतो. आधी ट्रायपॉड, त्याचे पाय सगळे न ताणता अर्धेच काढले कारण जेवढे बुटके तेवढे कमी हलतात. मग मधली प्लेट, मग माउंटचं, म्हणजे नळी धरून फिरवणाऱ्या भागाचं, डोकं. यानंतरचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा, वजनाची दांडी आणि वजन आधी, नळी नंतर, आणि काढताना उलटं, नळी आधी वजन नंतर. दांडीच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो तो शोभेचा नाही, वजन सटकलं तर पायावर पडू नये म्हणून असतो, तो लावायचाच. नळी बसली की दोन्ही क्लच, म्हणजे नळीचं फिरणं अडवणारे खटके, एक एक करून सैल करायचे आणि एका अक्षासाठी वजन, दुसऱ्यासाठी कड्यांमधली नळी मागेपुढे करत बघायचं, हात सोडला तरी नळी जिथं आहे तिथं राहिली पाहिजे. याला वेळ लागतो, लागू दे, बॅलन्स नीट झाला की रात्री नळी बोटाने हलते.

इक्वेटोरियल माउंटला लोक घाबरतात आणि ते मला कळतं, कारण त्याच्याबरोबर येणारी चित्रं बहुतेक युरोप-अमेरिकेच्या अक्षांशाची असतात. गोष्ट एवढीच आहे की माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे तोंड करून असला पाहिजे, म्हणजे पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेने एकच नॉब फिरवत राहिलं की तारा समोर राहतो. ध्रुव तारा तुमच्याकडे क्षितिजापासून किती वर? जेवढा तुमचा अक्षांश तेवढा. साताऱ्याला पावणेअठरा, पुण्याला साडेअठरा, नागपूरला एकवीसच्या आसपास, गोव्यात साडेपंधरा. हात ताठ करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे आपल्याकडे ध्रुव जेमतेम दोन मुठींवरच. त्यामुळे माउंटवरचा अक्षांशाचा काटा पार खाली आणावा लागतो, आणि एवढं खाली आणलं की छोट्या माउंटमध्ये वजनाची दांडी उत्तरेकडच्या पायाला आपटू शकते. त्यासाठी मी एक पाय दक्षिणेला ठेवला आणि उरलेले दोन उत्तरेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे दांडी मधल्या मोकळ्या जागेत फिरते. हे आपल्याकडच्या प्रत्येकाला लागणारं आहे आणि कुठं लिहिलेलं सहसा सापडत नाही. उत्तर दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर बघितली तरी चालते, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फरक अगदी थोडा आहे. नुसतं बघायचं असेल तर एवढं पुरतं, फोटो काढणाऱ्यांना जास्त काटेकोर व्हावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फाइंडर. आमचा रेड डॉटवाला आहे, काचेवर एक लाल ठिपका दिसतो बस. त्याच्या बॅटरीखाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढल्याशिवाय ठिपका पेटत नाही, खूप जणांना वाटतं की फाइंडरच बिघडलेला आला. दुर्बीण गच्चीवर नेली पण टोपण काढलं नाही, सूर्य आमच्या साताऱ्याच्या यवतेश्वर डोंगरामागे पूर्ण गेल्यावर मगच काढलं. याबाबतीत मी घरात कुणाचं ऐकत नाही. दुर्बिणीतनं सूर्याकडे एक क्षण जरी बघितलं तरी डोळा कायमचा जातो, आणि लहान पोरं शेजारी असतील तर ती कधी डोळा लावतील सांगता येत नाही. आयपीसला लावायचे काळे सन फिल्टर काही दुर्बिणींसोबत मिळतात ते सरळ फेकून द्या, उष्णतेने तडकतात. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा खात्रीचा सोलर फिल्टर, नाहीतर नाही.

सूर्य गेल्यावर अर्धा तास चांगला उजेड असतो. तेवढ्यात २५ चा आयपीस लावून नळी अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे वळवली, नळीच्या पाठीवरनं बंदुकीसारखा नेम धरून. टॉवर सापडला, उलटा दिसला, न्यूटोनियनमध्ये उलटंच दिसतं आणि आकाशात उलटं-सुलटं काही नसतं त्यामुळे त्याची काळजी नको. फोकसचा नॉब सावकाश फिरवत कडा धारदार झाल्या, टॉवरचं टोक बरोबर मध्ये आणलं, क्लच घट्ट केले आणि मग नळीला हात न लावता फाइंडरचे दोन स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच टोकावर आणला. मग १० चा आयपीस लावून तेच परत एकदा, अजून बारीक. झालं. हे एवढं काम उजेडात पाच-दहा मिनिटांचं आहे आणि अंधारात तेच रात्रभर होत नाही, कारण अंधारात आयपीसमध्ये काय दिसतंय हेच ओळखता येत नाही.

त्या दिवशी मार्गशीर्षातली षष्ठी, चंपाषष्ठी. मी तिथी बघूनच दिवस धरला होता. पौर्णिमेला चंद्र बघायला सगळे बोलावतात पण पौर्णिमेला चंद्रावर ऊन डोक्यावरनं पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. पंचमी ते दशमी खरा चंद्र बघायचे दिवस, उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर बघायचं, तिथं सूर्य नुकताच उगवतोय म्हणून सावल्या लांबच लांब पडतात. लाल ठिपका चंद्रावर ठेवला, डोळा लावला आणि चंद्र तिथं होता. पूर्ण, मध्यभागी, पहिल्या फटक्यात. मला त्या वेळी जे वाटलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, फोटो हजार बघितलेत पण हा प्रकाश आत्ता तिथनं निघून माझ्या आरशावर पडतोय.

मग लेकीला बोलावलं. ६५ पटीवर थिओफिलस नावाचं विवर सीमारेषेजवळ होतं, सुमारे १०० किलोमीटर रुंद, म्हणजे सातारा ते पुणे सरळ रेषेत मोजलं तर साधारण तेवढंच, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये डोंगर. ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग एकदम म्हणाली, "आई, डोंगराची सावली पडलीय आत!" मी तिला सावलीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना खाली वाकता येत नाही. न्यूटोनियनचा आयपीस इक्वेटोरियलवर कधी कधी भलत्याच बाजूला जातो, तेव्हा नळीच्या कड्या थोड्या सैल करून नळीच फिरवायची, आयपीस सोयीच्या उंचीला आणायचा आणि स्टूल द्यायचं. त्यांना सांगितलं, आई, दुसरा डोळा मिटू नका, नळीला हात लावू नका, आणि डोळा अगदी चिकटवू नका, थोडा लांब धरा. "दिसलं गं बाई, खड्डेच खड्डे की!" म्हणाल्या आणि उठायलाच तयार नाहीत, दर मिनिटाला चंद्र सरकतोय म्हणून मी नॉबची केबल फिरवत शेजारी उभी. ६५ पटीवर ग्रह मध्ये ठेवून हात सोडला तर दीड-दोन मिनिटांत बाहेर जातो. तो वेग पृथ्वीचा आहे, तासाला पंधरा अंश.

शनी दक्षिणेला वर होता. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे बरोब्बर कडेने होती, त्यामुळे त्या रात्री ती गोळ्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक रेघेसारखी होती, त्यानंतरच्या काही वर्षांत ती पुन्हा उघडत जाते. तरीसुद्धा तो शनीच आहे हे कळायला कुणाला सांगावं लागलं नाही. जेवणं होईपर्यंत गुरू पूर्वेला पुनर्वसूजवळ वर आला, पण डोंगराच्या रेषेवर असताना बघण्यात अर्थ नाही, वर येऊ द्यायचा. शिवाय दिवसभर तापलेल्या स्लॅबमधनं रात्री उशिरापर्यंत गरम हवा वर जात असते, ग्रहाची कड पाण्यातून बघावं तशी थरथरते, म्हणून ज्यांच्याकडे अंगण किंवा मातीची जागा आहे त्यांनी गच्चीपेक्षा तीच धरावी. आणि नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवावी, आरसा हवेइतका गार झाला की चित्र स्थिर होतं. गुरूचे चंद्र एका रांगेत, २६ पटीवरसुद्धा स्पष्ट. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच बघितलं तेव्हा त्याची दुर्बीण साधारण वीस पटीची होती, म्हणजे आमचा कमी ताकदीचा आयपीससुद्धा त्याच्यापेक्षा पुढे आहे. दुसऱ्या दिवशी परत बघा, रांग बदललेली असते, आतला आयो तर पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो. लेक आता रोज वहीत ठिपके काढते.

चंद्र मावळल्यावर मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ. इथं आधीच सांगून ठेवायला हवं की रंग दिसणार नाहीत, फोटोतला गुलाबी-जांभळा कॅमेऱ्याचा असतो, डोळ्याला मंद राखाडी, फार तर किंचित हिरवट झाक. वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल न बघता अंधारात राहायचं आणि मग सरळ न बघता थोडं बाजूला बघायचं, की पंखासारखा पसरलेला भाग दिसायला लागतो, मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यापासून बाजूला असतात म्हणून. तो प्रकाश तेराशेच्या वर वर्षांपूर्वी निघालाय, इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हा.

अजून दुर्बीण घ्यायची आहे त्यांनी आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतनं बघून घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, तिथली माणसं वेड्यासारखी आनंदाने दाखवतात आणि विचाराल ते सांगतात. आणि घेतल्यावर आरसा पुसायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. चार धुळीचे कण बसले तर काही फरक पडत नाही, फडक्याने ओरखडा पडला तर तो जात नाही. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा, आरशाला आणि आयपीसला बुरशी धरते, तेव्हा जूनच्या आधी सगळं कोरडं करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवायचं आणि पुड्या मधून मधून बदलायच्या.

शेजारचे काका त्या रात्री उशिरा वर आले होते. गुरू बघून झाल्यावर म्हणाले, मुलासाठी घेतलेली एक दुर्बीण आमच्याकडेपण पडलीय माळ्यावर, चालत नाही ती. मी विचारलं फाइंडर कधी लावलेला का, तर म्हणाले ते काय असतं. येत्या रविवारी चार वाजता ती खाली काढायची आहे, उजेड असतानाच. नवीन बटण-बॅटरी आणून ठेवा आणि तोवर आरशाला कुणी हात लावू नका एवढंच सांगितलंय.