आमची वाटचाल : कुंडलिकेच्या पाण्यावर

पाहुण्यांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून फिरवायचं, गळ टाकू द्यायचा, हा आमचा धंदा. त्याची वेळ आम्ही ठरवत नाही, ती वर भिऱ्याला ठरते. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज झाली की रायगडातल्या कुंडलिका नदीत सुटतं. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. पाणी मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं, त्यासाठी मुळशीची गावं बुडाली, त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. हे सांगितल्याशिवाय मी पाहुण्याच्या हातात वल्हं देत नाही. मे महिन्यात बाकीच्या नद्यांत खडक उघडे पडतात, तेव्हा आमची नदी सकाळी भरून वाहते ती यामुळेच.

राफ्टिंगवाले वरच्या उतारावर. आम्ही कोलाडजवळ, संथ पाण्यात दोन जुन्या कयाक आणि चार लाईफ जॅकेटांवर सुरुवात केली. पहिल्याच हंगामात दोन्ही कयाक काठच्या करंजाला बांधून जेवायला गेलो. पाणी चढलं, दोर सुटला. एक डोळवहाळच्या बंधाऱ्याशी मिळाली, दुसरी गेली ती गेलीच. तिचं कर्ज दोन वर्षं फेडलं. आता पाणी येण्याआधीच कळतं : आधी फेस आणि सुकी पानं वाहत येतात, मग पायाला पाणी एकदम गार लागतं. हे मला वाडीवरच्या दोन कातकरी भावांनी शिकवलं. आज तेच आमचे वाटाडे आहेत.

गळ टाकायचा तो पाणी उतरल्यावर, दुपारनंतर. काठच्या गवतात मरळ, खोल डोहात रोहू, कटला, कधी वाम. अलिबागकडचे पाहुणे जिताड्याची चौकशी करतात. तो खाली, रोह्याच्या पुढे खाडीचं पाणी लागतं तिकडचा.

जून लागला की आमच्याकडे गळ बंद. पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून शेतात चढतात, ती वलगण. लहानपणी आम्हीही बत्ती घेऊन रात्रभर ती धरायचो. चिरलेला प्रत्येक मासा गाभोळीने भरलेला असायचा. अंडी घालायला निघालेला मासाच मारला तर पुढे नदीत उरणार काय? घरात यावरून वाद झाले, कारण त्या दिवसांत उत्पन्न थांबतं. सगळ्यात शेवटी आईला पटलं.

गेल्या जुलैत घरामागच्या ओढ्यात बोटभर पिल्लांचा थवा दिसला. आई रोज तांदूळ धुतलेलं पाणी तिथेच ओतते.