आइसलंडमध्ये सोया सॉस आणायचा तर

चार लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या या देशात सोया सॉस जहाजानेच येतो. इथे भारतीय किंवा आशियाई किराणा सुरू करू पाहणारे लोक आधी भाव विचारतात. आमचं सांगणं असं की आधी बाटलीची मागची बाजू वाचा, कारण माल अडतो तो तिथे.

सोयाबीन-गव्हावर बुरशी चढवून मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवलेला सॉस सहसा त्रास देत नाही. स्वस्तातला सॉस मात्र पुष्कळदा सोयापेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून झटपट केलेला असतो. पेंडीत उरलेल्या तेलाची आम्लाशी गाठ पडली की ३-एमसीपीडी नावाचं घातक द्रव्य तयार होतं. युरोपीय नियम इथेही लागू आहे: किलोमागे २० मायक्रोग्रॅम, तेही सॉसमध्ये ४० टक्के घन अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, धरून. सॉस पातळ असेल, समजा ३० टक्क्यांचा, तर मर्यादा १५ वर येते. पुरवठादार नेमकं हेच विसरतो आणि १८ चा अहवाल 'पास' म्हणून पाठवतो. घटकांत 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', म्हणजे असं फोडलेलं वनस्पती-प्रथिन, दिसलं तर त्याच बॅचचा अहवाल, घन अंशाच्या आकड्यासह, हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

मग लेबल. भाषा आइसलँडिक, इंग्रजी किंवा फिनिश सोडून कुठलीही नॉर्डिक चालते, त्यामुळे इंग्रजी लेबलच्या भारतीय मालाला भाषांतर लागत नाही. तरी तो जसाच्या तसा विकता येत नाही. आपल्याकडे कॅरमेल रंगासाठी 'आयएनएस १५०डी' असा क्रमांक छापतात. इथे अशा मिसळलेल्या पदार्थाचं काम (रंग वगैरे) आणि त्याचं नाव किंवा युरोपातला ई-क्रमांक हवा. सोया आणि गहू घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत हवेत. 'उत्पादनापासून २४ महिने' चालत नाही, तारीखच लिहावी लागते. सोडियमऐवजी मीठ दाखवायचं, तेही १०० मिलीमागे. लेबलवर १५ मिलीत ९२० मिलिग्रॅम सोडियम असेल तर अडीचने गुणा: २.३ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० मिलीत १५.३ ग्रॅम. सोडियमचाच आकडा मीठ म्हणून छापला की सगळे स्टिकर वाया.

स्टिकर लावण्याआधी बाटल्या एक दिवस गोदामात उबेला येऊ द्या. हिवाळ्यात कंटेनरमधून काढलेल्या थंड काचेवर दव धरतं आणि कागद कडेने सुटतो. मूळ तारीख स्टिकरखाली झाकू नका.

चीनचा माल बहुधा रॉटरडॅमहून येतो. तिथे तो टी-वन ट्रान्झिटवर, म्हणजे जकात न भरता सीमाशुल्काच्या देखरेखीखाली, पुढे यायला हवा. एजंटाने घाईत युरोपीय संघात क्लिअर केला तर ७.७ टक्के जकात उगाच जाते, शिवाय २०१४ पासून लागू असलेल्या चीन-आइसलंड मुक्त व्यापार कराराची सवलत मागायची सोयही हातची जाते. 'माल टी-वनवरच पुढे पाठवा' हे वाक्य बुकिंगच्या पत्रात आधीच लिहून टाका. इथे आल्यावर खाद्यपदार्थांवरचा ११ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, आणि वेष्टनाच्या वजनावर पुनर्प्रक्रिया शुल्कही. म्हणून वेष्टनाचं वजन पुरवठादाराकडून वेगळं मागवा.

पूर्ण कंटेनरचा मोह टाळा. आफ्रिकेच्या दक्षिणेला केप ऑफ गुड होपला वळसा पडला तर माल दुकानात लागेपर्यंत तीनेक महिने सहज जातात, आणि एवढ्याशा बाजारात उरलेल्या मुदतीत तो खपेलच असं नाही. नेदरलँड्समधल्या साप्पेमेअरला किक्कोमन या जपानी सोया सॉस कंपनीचा कारखाना १९९७ पासून आहे. असा युरोपात बनलेला सॉस मिश्र पॅलेटवर, म्हणजे एकाच फळीवर इतर मालासोबत, थोडाथोडा मागवता येतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

सोबतच्या दोन वस्तूंना सोया सॉसचे नियम लावू नका. ऑयस्टर सॉसमध्ये शिंपल्यांचा अर्क असतो, त्यामुळे प्राणिजन्य घटकाचे वेगळे कागद आणि मान्य देशांची यादी आड येते. मशरूमचा शाकाहारी सॉस सोपा. अस्सल मिरिनमध्ये, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या तांदळाच्या गोड मद्यात, सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि इथे २.२५ टक्क्यांवरचं पेय दारू ठरतं. किराण्यासाठी एक टक्क्याखालचा मिरिनसारखा मसालाच मागवा.