क्योतोतलं काइसेकी जेवण: जाण्याआधी एवढं कळवाच

नोव्हेंबरात जपानमधल्या क्योतोला, गिओन या जुन्या भागातल्या एका लाकडी घरात आम्ही दुपारचं काइसेकी, म्हणजे एकामागोमाग एक छोटे पदार्थ येणारं पारंपरिक जपानी जेवण घेतलं. रात्रीपेक्षा दुपारी बरंच स्वस्त पडतं, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच घ्यावं.

शाकाहारी मंडळींनो, ‘मांस-मासे नको’ एवढं कळवून भागत नाही. जवळपास सगळ्या पदार्थांच्या मुळाशी दाशी असते: कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या माशाचा कीस, यांचा अर्क. बुकिंग करताना आम्ही दाशीचं बोललोच नाही. ऐनवेळी त्यांना काही बदलता येईना, आणि नवऱ्याला भात-लोणच्यावर भागवावं लागलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी क्योतोतल्याच अराशियामा भागातल्या तेन्र्यूजी मंदिराच्या ‘शिगेत्सु’ या उपाहारगृहात गेलो. तिथलं शोजिन, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण, पूर्ण शाकाहारी, फक्त दुपारी मिळतं. तिथे जायला मंदिराच्या बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं. नवरा पोटभर जेवला.

पण गिओनमधला तो सूपचा वाडगा मी विसरणार नाही. काइसेकीचा जीव त्यातच असतो. लाखेच्या वाडग्याचं झाकण वाफेने घट्ट बसतं, ओढू नका. डाव्या हाताने वाडग्याच्या कडा हलकेच दाबल्या की ते सुटतं. उघडलं आणि युझू या जपानी लिंबाच्या सालीचा वास नाकात शिरला. नितळ पाणी, त्यात माशाचा एक पांढरा तुकडा. पहिला घोट अळणी वाटला, तिसऱ्या घोटाला चव कळली. म्हणून सोबत काही तिखट मागू नका, थोडं थांबा.

पुढे हास्सुन आलं, साधारण 24 सेंटीमीटरच्या चौकोनी तबकात त्या ऋतूचे छोटे छोटे घास. भात अगदी शेवटी, लोणचं आणि मिसो सूपबरोबर. चहाच्या समारंभातल्या काइसेकीत मात्र भात सुरुवातीलाच येतो. उच्चार एकच, लिहायची चिन्हं वेगळी.

अत्तर लावून जाऊ नका, वासावरच अर्धं जेवण आहे. बूट दारातच काढायचे, तेव्हा मोजे धड असू द्या. चित्र आणि फुलं मांडलेल्या कोनाड्यात पिशवी ठेवायची नाही. सोबत खाली बसताना गुडघे दुखणारं कुणी असेल तर ‘होरिगोतात्सु’ मागा, म्हणजे टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो. टीप द्यायची नसते.

निघताना ‘गोचिसोसामा’ म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. गल्लीच्या वळणावरून मागे बघितलं, तर मालकीणबाई अजून दारातच उभ्या होत्या. आम्हीही थांबून वाकून नमस्कार केला.