आधी एप्सिलॉन, मग डेल्टा

कलनशास्त्रातल्या सीमेची (limit), म्हणजे फल ज्या संख्येच्या हवे तितके जवळ जाते तिची, व्याख्या पाठ असूनही ती वापरता येत नाही, अशी तक्रार पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नेहमी करतात. माझ्या मते या व्याख्येचा सगळा जीव तिच्यातल्या क्रमात आहे, आणि तो क्रम हाताने सोडवलेल्या एखाद्या उदाहरणातच नीट दिसतो.

क्ष ३ च्या जवळ जाताना क्ष-वर्गाची सीमा ९ आहे, हे विधान घेऊ. त्याचा अर्थ असा की, कोणीही कितीही लहान धन संख्या एप्सिलॉन म्हणून दिली, तरी तिच्यासाठी डेल्टा ही अशी धन संख्या सापडते की, क्ष आणि ३ यांमधील अंतर शून्याहून जास्त पण डेल्टाहून कमी असेल, तेव्हा क्ष-वर्ग आणि ९ यांमधील अंतर एप्सिलॉनहून कमीच राहते. आता क्ष-वर्ग उणे ९ म्हणजे (क्ष − ३) गुणिले (क्ष + ३). पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे. दुसऱ्याला आवर घालण्यासाठी क्ष आणि ३ मधील अंतर १ पेक्षा कमी ठेवले, की क्ष + ३ ही संख्या ७ च्या आतच राहते. म्हणून १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांपैकी जी संख्या लहान असेल, तीच डेल्टा म्हणून घ्यावी. एप्सिलॉन ०.०७ दिला तर डेल्टा ०.०१ येतो, अगदी काठावरच्या ३.०१ चा वर्गही ९.०६०१, म्हणजे फरक ०.०६०१ च.

येथे डेल्टा एप्सिलॉनकडे पाहून ठरला. क्रम उलटा करून सगळ्या एप्सिलॉनसाठी एकच डेल्टा मागितला, तर त्या टापूत क्ष-वर्ग आणि ९ यांमधील अंतर प्रत्येक धन संख्येहून लहान, म्हणजे शून्यच असावे लागेल. ही अट केवळ त्या टापूत स्थिर असलेल्या फलालाच (function) पुरी करता येते. शिवाय ३ च्या जागी १०० घेतले, तर ७ च्या ठिकाणी २०१ येतात, म्हणजे डेल्टा बिंदूवरही अवलंबून असतो.

हे अवलंबन किती महत्त्वाचे आहे, याची साक्ष इतिहासातच मिळते. संतत, म्हणजे कुठेही उडी न घेणाऱ्या, फलांच्या अभिसारी श्रेणीची (जिची पदे मिळवत गेल्यास बेरीज एका ठरावीक संख्येच्या हवी तितकी जवळ जाते) बेरीज संततच असते, असे फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये मांडले होते. १८२६ मध्ये नॉर्वेजियन गणिती आबेलने साइन क्ष, उणे साइन २क्ष भागिले २, अधिक साइन ३क्ष भागिले ३, अशी पुढे जाणारी श्रेणी दाखवली, जिची बेरीज पाय (π) या संख्येच्या विषम पटींपाशी एकदम उडी घेते. प्रत्येक बिंदूपाशी ही श्रेणी अभिसारीच आहे, मात्र दिलेल्या एप्सिलॉनसाठी पायच्या जितके जवळ जावे तितकी जास्त पदे घ्यावी लागतात, आणि सगळ्या बिंदूंना पुरेल अशी पदांची एकच संख्या मिळत नाही. पुढे जर्मन गणिती वायरश्ट्रासने बर्लिनमधील आपल्या व्याख्यानांतून एकसमान अभिसरणाची, म्हणजे सगळ्या बिंदूंना पदांची एकच संख्या पुरण्याची, संकल्पना ठळकपणे मांडली, तेव्हा कोशीच्या प्रमेयाला नेमकी कोणती अट हवी होती, ते स्पष्ट झाले.