शिसं किती कडक, हे पेन्सिलीने कळतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण इथे पेनसिल्व्हेनियात मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, फराळाची प्लेट हातात घेऊन कोणीतरी येतंच, "काय हो, बंदुकीच्या गोळ्या घरी ओतता म्हणे, शिसं किती कडक करता आणि ते कळतं कसं?"

तर गोळी म्हणजे फक्त पुढचा शिशाचा भाग, बाकीचं नंतर. नुसतं शिसं फार मऊ, कडकपणा मोजायच्या ब्रिनेल स्केलवर ५च्या आसपास, नखाने ओरखडा उठतो. कडकपणा येतो अँटिमनी नावाच्या धातूने, आणि कथील घातलं की साचा नीट भरतो, कडा स्वच्छ येतात. मी एक पाउंड लायनोटाइपला तीन पाउंड मऊ शिसं घेतो. लायनोटाइप म्हणजे जुन्या छापखान्यातला धातू, साधारण १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील, त्यामुळे हिशेब सोपा, मिश्रणात ३ टक्के अँटिमनी आणि १ टक्का कथील. माझ्या .३८ मापाच्या रिव्हॉल्व्हरच्या हलक्या, टार्गेटपुरत्या गोळ्यांना एवढं भरपूर झालं. गाडीच्या चाकांची वजनंही वापरतात पण हल्ली त्यात जस्ताची निघतात, एखादं वितळलं की सगळं भांडं बिघडलंच समजा.

तपासायला चित्रकलेच्या पेन्सिली, मऊ ६बी ते कडक ६एच, सगळ्या एकाच कंपनीच्या. लाकूड तासायचं, शिसपेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सपाट करायचं आणि ४५ अंशात धरून ओतलेल्या धातूच्या ठोकळ्यावर पुढे ढकलायची. मऊ पेन्सिल नुसती घसरते, मग एक अशी येते की धातूची बारीक साल निघते, खोबरं किसल्यासारखी. तिचा नंबर वहीत. डेंट मोजायचं यंत्रही मिळतं, पण छोट्या मायक्रोस्कोपमधून डेंट बघताना माझी मान धरते.

सुरुवातीला मी गाढवपणा केला. चाकांच्या वजनांच्या गोळ्या साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत टाकल्या (बादली भट्टीपासून लांब हं, वितळलेल्या शिशात थेंब पडला तर शिसं अंगावर उडतं), त्याच संध्याकाळी पेन्सिल लावली, मऊ वाटलं, म्हणून उरलेल्या भांड्यात आणखी लायनोटाइप ढकललं. तीन आठवड्यांनी बघतो तर पहिल्याच गोळ्या टणक झालेल्या, हा धातू थंड झाल्यावरही मुरत राहतो, लोणच्यासारखा. दुसऱ्या घाण्याने तर बंदुकीच्या नळीत शिशाची पुटं चढली, घासता घासता दोन रविवार गेले. म्हणजे कडक केलं की पुटं धरत नाहीत हे सरसकट खरं नाही, हलक्या दाबाला फार कडक गोळी पसरून नळीत गच्च बसत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि शिसं नळीला चिकटतं. गोळीचं माप नळीला बसतं का ते आधी बघा, कडकपणा नंतर.

आणि हो, दार उघडं, पंखा चालू, हात धुतल्याशिवाय चहाला हात नाही, वर्षाला रक्तातलं शिसं तपासून घेतो, ही घरची अट आहे.

आजोबांच्या छापखान्यातला 'क्ष'चा एक खिळा माझ्याकडे आहे. तो वितळवणार नाही. पेन्सिल मात्र लावून बघितली, लायनोटाइपची साल काढणारी त्याच्यावरून सरळ घसरली.